मोमिनाबादची चकमक आणि कोशातली जागा



मुक्तिसंग्राम दिनाच्या आगेमागे अंबाजोगाईत बोलायचं, तर मुक्तिसंग्रामावरच बोलायचं, हे निमंत्रण आलं तेव्हाच ठरून गेलं होतं. पण स्वामी रामानंद तीर्थांवर, बाबासाहेब परांजप्यांवर, योगेश्वरीच्या शाळेतून घडलेल्या पिढीवर माझ्याहून अधिकाराने बोलणारी माणसं इथे समोरच बसली आहेत. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलांना सांगत, की पुस्तकात आपल्या गावाचं नाव सापडलं तर हरखून जाऊ नका, तिथे काय लिहिलंय ते आधी नीट वाचा. म्हणून मी आज एकच वाक्य वाचायला घेणार आहे.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनवर इंग्रजी विकिपीडियात मोठा लेख आहे. लष्कराची हालचाल त्यात दिवसवार दिली आहे. १५ सप्टेंबर १९४८ च्या हकिकतीत एक वाक्य येतं, त्याचा आशय असा: जालना शहर ताब्यात ठेवण्यासाठी गोरखा रायफल्सची एक कंपनी मागे ठेवून बाकीचं सैन्य लातूरकडे आणि नंतर मोमिनाबादकडे गेलं, तिथे तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्सशी गाठ पडली, त्यांनी नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रं खाली ठेवली. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. निजामाच्या घोडदळाची जुनी छावणी इथे होती, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

या गावातल्या काही तरुणांनी मला विचारलं, ‘सर, या चकमकीवर स्वतंत्र लेख का नसावा? जगातल्या कुठल्या कुठल्या चकमकींवर लेख आहेत. आपण का लिहू नये?’ प्रश्न मनापासूनचा होता आणि त्याला तितकंच मनापासून उत्तर देणं मला भाग आहे. युद्धातल्या लहान चकमकींना कोशात स्वतंत्र नोंद केव्हा द्यावी आणि केव्हा मोठ्या नोंदीतला एक परिच्छेद पुरे, याचा निर्णय कोशकाराला रोज करावा लागतो. वाचकाला तो दिसत नाही. पण आपल्या जिल्ह्याचा इतिहास जगाला कसा दिसणार, हे त्यावर बरंच अवलंबून असतं.

आधी ते वाक्य तपासू. पार्श्वभूमी आपल्याला पाठ आहे: २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, कासिम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या ती पहाट. मुख्य फौज सोलापूरकडून, नळदुर्गवरून, मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली. औरंगाबादची कामगिरी मेजर जनरल ब्रार यांच्याकडे. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ ला हैदराबादचे सेनापती एल इद्रूस चौधरींपुढे शरण आले. सगळं मिळून पाच दिवस. या पाच दिवसांत पन्नास ठिकाणी गोळी चालली असेल, आणि त्या पन्नासांतलं मोमिनाबाद हे एक.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. जालना उत्तरेला. तिथून अंबाजोगाई सरळ रेषेत मोजली तरी सव्वाशे किलोमीटरांहून लांब. लातूर त्याच्याही दक्षिणेला. जालन्याहून निघालेलं सैन्य आधी लातूरला आणि मग मोमिनाबादला आलं असेल, तर ते आपल्या गावाच्या शेजारून पुढे जाऊन उलट फिरलं असं मानावं लागेल. तसं झालंही असेल, लष्करी हालचालीत असे वळसे असतात. किंवा बार्शी-उस्मानाबादकडून आलेली दुसरी तुकडी आणि जालन्याची तुकडी, अशा दोन हकिकती एका वाक्यात मिसळल्या असतील. वाक्यावरून याचा निर्णय होत नाही. स्वतंत्र लेख लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत हा प्रश्न आडवा येतो: आले कुठून आणि कुठल्या वाटेने?

मग माहितीचौकट भरायची वेळ येते. लढाईवरच्या लेखाच्या कडेला ही चौकट असते: दिनांक, ठिकाण, निकाल, दोन्हीकडचे सेनापती, सैन्यबळ, मृत आणि जखमी. मोमिनाबादसाठी ही चौकट भरा. निकालाचा रकाना भरेल. ठिकाणाच्या रकान्यात गावाचं नाव येईल, पण गोळी छावणीत चालली की गावाबाहेर, ते त्या वाक्यात नाही. लान्सर्सचा अधिकारी कोण होता? माणसं किती होती? कुणी पडलं का? सगळे रकाने रिकामे. आणि रिकाम्या रकान्यांचा लेख फार दिवस रिकामा राहत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे. कुणीतरी येतं आणि ऐकीव आकडा टाकतं. दुसरा तो आकडा उचलून आपल्या पुस्तकात घालतो. मग ते पुस्तक त्याच लेखाखाली आधार म्हणून लागतं. पाच-सहा वर्षांत एका ऐकीव आकड्याचा इतिहास होऊन बसतो आणि तो उपटून काढणं अतिशय कठीण जातं.

म्हणजे चकमक लहान होती म्हणून लेख नको, असं माझं म्हणणं आहे का? नाही. आकाराने पात्रता ठरत नाही, याचे दाखले आपल्या दाराशीच आहेत. गेवराई तालुक्यात, गोदेच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३. पुराने फुगलेली गोदावरी, निजाम अली पलीकडे उतरलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पिछाडीची फौज घेऊन अलीकडे अडकलेला. राघोबादादा वेढले गेले होते, आणि अठरा वर्षांच्या माधवरावांनी ऐन वेळी चाल करून डाव फिरवला. विठ्ठल सुंदर पडला. निजाम पलीकडच्या काठावरून पाहत राहिला, पाण्यामुळे मदत पाठवणं त्याला शक्य झालं नाही. पुढच्या तहात ८२ लाखांचा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पानिपतानंतर अडीच वर्षांनी पेशवाईला पुन्हा बळ आलं. ही मोठी लढाई, तिच्या नोंदीबद्दल वाद नाही.

आता दक्षिणेला खर्ड्याला या, आजच्या जामखेड तालुक्यात. ११ मार्च १७९५. जमलेल्या फौजा प्रचंड, पण प्रत्यक्ष लढाईत माणसं फार थोडी पडली. नुसती मनुष्यहानी मोजली तर खर्ड्याला चकमकच म्हणावं लागेल. परिणाम पाहिला तर निजामाला दौलताबादचा किल्ला द्यावा लागला, तीन कोटी रुपये कबूल करावे लागले आणि आपला दिवाण मराठ्यांच्या स्वाधीन करावा लागला. थोडं रक्त सांडूनही मोठी नोंद मिळते ती अशी.

उलट टोकाचं उदाहरण सारागढीचं. १२ सप्टेंबर १८९७, वायव्य सरहद्दीवरची एक चौकी, ३६व्या शीख पलटणीचे एकवीस जवान, आणि सगळेच्या सगळे पडले. सरहद्दीवरच्या मोहिमेच्या हिशेबात सारागढीने युद्धाचा निकाल बदलला नाही. तरीही तिच्यावर भरपूर लिहिता येतं, कारण चौकीतला संदेशवाहक गुरमुख सिंग शेवटपर्यंत आरशाच्या यंत्राने लॉकहार्ट किल्ल्याला खबर देत होता. चौकीत काय घडलं ते त्याच दिवशी नोंदलं गेलं. पुढे पदकं दिली गेली, स्मारकं झाली, आणि प्रत्येकाचे कागद राहिले. तिथे कोशकाराच्या हाती लिहिण्याजोगं काही आहे.

तेव्हा मी दोन गोष्टी बघतो. त्या घटनेने पुढचं काही बदललं का? आणि तिच्याबद्दल एकमेकांपासून स्वतंत्र अशा निदान दोन-तीन ठिकाणी तपशिलाने लिहिलेलं आहे का? दोन्ही असेल तर प्रश्नच नाही. पहिली नसून दुसरी असेल तर नोंद देता येते. पण दुसरी नसेल तर पहिलीच्या भरवशावर मी स्वतंत्र नोंद देत नाही. ‘स्वतंत्र’ या शब्दावर माझा भर आहे. एकाच मूळ अहवालावरून उतरवलेली पाच पुस्तकं म्हणजे एकच साक्षीदार.

याच कसोटीवर हैदराबादच्या मोहिमेआधीची, सीमेवरच्या नानज गावची घटना बघा. जुलै १९४८ मध्ये तिथे भारतीय तुकडीवर हल्ला झाला आणि त्यानंतर भारतीय फौजेने ते गाव ताब्यात घेतलं. गोळीबार छोटा, पण दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात त्यावरून पत्रव्यवहार झाला, दोन्ही सरकारांना आपापली बाजू लिहावी लागली. नानजची नोंद होऊ शकते. मोमिनाबादची चकमक मात्र शेवटच्या दिवसांतली. हैदराबादचा निकाल तोपर्यंत जवळजवळ लागला होता. तिच्यामुळे कुणाला खलिता लिहावा लागला नाही.

आणि मोमिनाबादचे साक्षीदार कोण? संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागासाठी एस. एन. प्रसाद यांनी या मोहिमेचा अधिकृत इतिहास लिहिला, तो १९७२ साली निघाला. तो जिंकलेल्या बाजूचा कागद आहे. त्याची शिस्त मोठी आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण ‘नावापुरता प्रतिकार’ हा शेरा नेहमी जिंकणारा मारत असतो. त्या घोडेस्वारांना काय वाटलं, हुकूम काय होता, हैदराबादहून काही संदेश आला होता का, हे त्यांच्या बाजूच्या कागदांतून कळायला हवं. ते कागद उर्दूत आणि इंग्रजीत आहेत, हैदराबादच्या दफ्तरखान्यात शोधावे लागतील. आपल्याकडे उर्दू वाचणारे तरुण आहेत. मोमिनपुऱ्यात, बीडमध्ये, परळीत आहेत. त्यांना या कामात कुणी बोलावत नाही, हे मला फार लागतं. या जिल्ह्याचा १९४८ पूर्वीचा दोन शतकांचा कारभार ज्या लिप्यांत आहे, त्या लिप्या वाचणाऱ्यांशिवाय आपण इतिहास लिहायला बसतो.

आता मी सगळ्यात अवघड भागाकडे येतो. बीड जिल्ह्यात लहान चकमकींच्या बाबतीत दुहेरी अडचण आहे.

एक अडचण अशी, की घडलं ते लिहिलं गेलं नाही. अहमदनगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या हद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. तिथून रात्रीची माणसं आत येत, करोडगिरी नाके आणि पोलीस चौक्या उठवत, पाटील-पटवाऱ्याचं दफ्तर जाळत आणि उजाडायच्या आत परत जात. नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ ला लुटली गेली, तिच्याबद्दल आपण पुष्कळ वाचलं आहे, कारण ती लुटणाऱ्यांनी पुढे लिहिलं, अनंतराव भालेरावांसारख्या संपादकांनी ते मांडलं. पण एखाद्या नाक्यावर दोन माणसं पडली, बैलगाडीतून प्रेत गावी आणलं, आणि त्या घरात आजपर्यंत फक्त ‘रझाकारीत गेले’ एवढंच सांगितलं जातं, अशी घरं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात किती असतील! ही घटना घडली. तिच्यावर लेख होत नाही. दोष घटनेचा नाही.

दुसरी अडचण नेमकी उलटी, आणि ती बोलायला जड जाते. स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन सुरू झालं तेव्हा अर्जदाराला पुरावा लागायचा. तुरुंगाचा दाखला असेल तर ठीक. भूमिगत असेल तर त्याला ओळखणाऱ्या ज्येष्ठ सैनिकाचं शपथपत्र. या सोयीचा जो गैरवापर आपल्या जिल्ह्यात झाला, तो साऱ्या राज्यात गाजला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००५ साली तिथे निकाल झाला, निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाकडून चौकशी झाली. पेन्शनीचा पैसा हा त्यातला एक भाग. इतिहासाच्या बाजूने नुकसान वेगळंच आहे. त्या फायलींतल्या शपथपत्रांमध्ये हल्ल्यांची वर्णनं आहेत: अमुक रात्री अमुक नाक्यावर आम्ही इतके जण होतो, इतका वेळ गोळीबार झाला. सरकारी शिक्का आहे, तारीख आहे, सह्या आहेत. वरवर पाहणाऱ्याला याहून चांगला आधार कोणता? उद्या कुणी प्रामाणिक विद्यार्थी त्या फायली उघडेल आणि त्यांतून डझनभर चकमकी काढून दाखवेल.

म्हणजे या जिल्ह्यात खऱ्या चकमकींना कागद नाही आणि काही कागदांना चकमक नाही. खोट्या अर्जाने सरकारची तिजोरी लुटली, तसं खऱ्या हुतात्म्याचं नावही झाकून टाकलं. त्याच्या घरचा तोंडी शब्द आता कुणी मानायला तयार होत नाही. म्हणून बीडबद्दल लिहिताना मी इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त कडक असतो आणि इथल्या मंडळींना तो कडकपणा आपला अपमान वाटू नये, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट बोलायची राहू द्यावी असं मला अनेकांनी सुचवलं आहे. मी ती राहू देणार नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार आपल्या स्मृतीत जिवंत आहेत, राहिलेच पाहिजेत. गोरटा गावात मे १९४८ मध्ये रझाकारांनी जे केलं ते विसरता येत नाही. पण पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत याच मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, तेही घडलेलं आहे. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सद्भावना मंडळ पाठवलं. त्याच्या अहवालात सगळ्या संस्थानातल्या मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे सर्वांत होरपळलेले चार जिल्हे. दुसऱ्या गटात औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक. या चारांत मिळून निदान पाच हजार माणसं गेली, असं मंडळाने लिहिलं. हा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहेत, ते व्हावेत. पण त्या चार नावांत बीड आहे.

मोमिनाबादच्या चकमकीच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. कोशातल्या लढाईच्या साच्यात दोन सैन्यं लागतात, दोन सेनापती लागतात, निकाल लागतो. ज्या गावात एकाच बाजूच्या हाती शस्त्रं होती, ते गाव या साच्यात बसत नाही. त्यामुळे शस्त्रं खाली ठेवणाऱ्या घोडेस्वारांना स्वतंत्र पान मिळतं, चौकट मिळते, झेंड्याची चित्रं मिळतात, आणि ॲक्शननंतर विहिरीत मृत सापडलेल्या माणसांना मोठ्या लेखात अर्धं वाक्य. रझाकारांनी जाळलेल्या गावाचंही तेच होतं. आपण चकमकींवर एकामागून एक लेख पाडत गेलो तर वाचकाला १९४८ चं बीड हे लष्करी मोहिमेचं मैदान म्हणून दिसेल. ते वर्ष या जिल्ह्यातल्या माणसांनी तसं जगलं नाही. जुनी बाई लेकराचं वय ‘ॲक्शनच्या आधी दोन महिन्यांचं’ असं सांगते, तेव्हा तिच्या मनात रणगाडे नसतात. घर सोडून माळावर काढलेल्या रात्री असतात.

मराठीत ही निवड करण्याची मोठी परंपरा आहे. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढून, भाग विकून पैसा उभा केला आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत तेवीस खंड पुरे केले. पानांचा खर्च डोळ्यांपुढे असल्यामुळे कशाला किती जागा हे त्यांना रोज ठरवावं लागलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईला विश्वकोशाचं काम सुरू झालं, तेव्हा नोंदींचे लहान, मध्यम, मोठे असे वर्ग आधी ठरले आणि मग लेखक नेमले गेले. काही विषयांना तर ‘पहा अमुक’ एवढीच ओळ मिळाली. त्या एका ओळीत मला कधी कमीपणा दिसला नाही. वाचक त्या ओळीवरून जिथे पोचतो, तिथे ती गोष्ट तिच्या आगच्यामागच्यासकट असते. संगणकावरच्या कोशाला पानांची अडचण नाही, म्हणून निवडीचीही गरज नाही, असं आता म्हटलं जातं. पानं अमर्याद झाली, पण तपासणारी माणसं तेवढीच राहिली. मराठी विकिपीडियावर नेमाने काम करणारी माणसं थोडी आहेत. त्यांच्या डोक्यावर शंभर अपुऱ्या चकमकी टाकल्या तर ती चांगल्या नोंदी राखू शकणार नाहीत.

तरुण मित्रांना मी एक दुसरं काम सुचवतो. १८१८ साली बीड भागात धर्माजी प्रतापरावाने उठाव केला. निजामाच्या बाजूने इंग्रज अधिकारी सदरलँडच्या हाताखाली रिसाला आला, धर्माजी आणि त्याचा भाऊ पकडले गेले. पेशवाई बुडाली त्याच वर्षीची ही गोष्ट आहे आणि मराठवाड्याबाहेर ती कुणाला ठाऊक नाही. इथे इंग्रजी लष्करी कागद आहेत, हैदराबादचे कागद आहेत, मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात उल्लेख आहेत. एकापेक्षा जास्त बाजूंनी लिहिता येईल अशी ही घटना आहे. आधी हिच्यावर एक चांगली मराठी नोंद करा. आणि कोशाच्या आधी जे लिहायचं असतं ते लिहा: तालुक्याचा इतिहास, शाळेचं स्मरणपुस्तक, ज्येष्ठांच्या मुलाखती, तारीख-वार आणि सांगणाऱ्याच्या नावासह. कोशकार सर्वांत शेवटी येतो. त्याच्या आधी कुणी लिहिलं नसेल तर तो काय गोळा करणार?

आता मोमिनाबादबद्दल माझा निर्णय. आज मला विचारलंत तर स्वतंत्र लेख नको. पोलीस ॲक्शनच्या नोंदीत असलेलं वाक्य दुरुस्त करून, आणि अंबाजोगाईच्या नोंदीत, इतिहासाच्या भागात, असा मजकूर यावा: निजामाच्या घोडदळाची छावणी इथे होती, सप्टेंबर १९४८ च्या मोहिमेत भारतीय तुकडी येथे आली तेव्हा गोवळकोंडा लान्सर्सनी थोडा प्रतिकार करून शरणागती पत्करली. त्याच्याच पुढे, त्याच परिच्छेदात, मुक्तिलढ्यातला या गावाचा वाटा आणि त्या शरद ऋतूत जिल्ह्यातल्या दोन्ही समाजांनी सोसलेलं. एवढ्या पाच-सहा ओळी कुणालाही आव्हान देता येणार नाही अशा लिहिता येतात.

हा निर्णय कायमचा नाही. आलेल्या तुकडीची युद्धदैनंदिनी मिळाली, तिच्यात वाट आणि वेळ नोंदलेली असली, आणि हैदराबादकडचा एक तरी कागद किंवा लान्सर्समधल्या कुणाच्या घरची लेखी आठवण तिच्याशी ताडून पाहता आली, तर मोमिनाबादच्या चकमकीला स्वतंत्र नोंद द्यावी असा प्रस्ताव मी स्वतः मांडीन. छावणीतल्या कुटुंबांपैकी काही अजून या गावात आहेत, काही हैदराबादला गेली. तुमच्यापैकी ज्यांची त्यांच्याशी ओळख आहे, त्यांनी भाषण संपल्यावर मला भेटावं. मी आज मुक्कामाला आहे.